पाकीट चिकटवताना तू हसलास

सदू, तू मला फसवलंस. हे आधी लिहून टाकतो, कारण तू गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण तुझं चांगलंच बोलतो आणि मी मान हलवत बसतो. ठाण्यातल्या त्या बंद पडलेल्या गिरणीच्या छपराचं टेंडर होतं. छप्पर पेलणाऱ्या जुन्या सागवानाच्या कैच्या, अख्ख्या, एकही न चिरलेली. आकडा आपण आदल्या दिवशी ठरवला. तो जगात दोघांनाच ठाऊक होता, तुला आणि मला. सकाळी मी कागद पाकिटात घातला आणि डिंक तू लावलास. लावताना माझ्याकडे बघून हसलास आणि म्हणालास, "दादा, हे आपलंच." त्याआधी दोन तास तू तो आकडा भिवंडीच्या व्यापाऱ्याला विकून आला होतास.

पाकिटं उघडली तेव्हा त्याचा भाव माझ्यापेक्षा नखभर वर होता. नखभर. अंदाजाने असा भाव कोणी भरत नाही. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "शेठ, आमच्यावर राग धरू नका. तुमच्याच घरात दुकान उघडलं होतं, आम्ही गिऱ्हाईक."

मी माजिवड्याच्या वखारीत आलो आणि सगळ्या माणसांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. तू गाल धरला नाहीस. म्हणालास, "दादा, मटक्याला लागलं असतं ना, तर दुप्पट आणून दिलं असतं. एकानेच हुकलं रे. सत्ता लावला, अठ्ठा आला." आणि मला शपथेवर सांगता येईल, हे सांगताना तुझे डोळे चमकत होते. माझी वर्षाची कमाई गेली होती, तुझी अब्रू गेली होती, आणि तू एकाने हुकलं म्हणून उजळला होतास. मी दुसरी लगावली ती त्या चमकण्यासाठी.

जुनी घरं, गोदामं, शेड पाडायला काढली की त्यातलं लाकूड, दारं, खिडक्या उक्त्या भावात घ्यायच्या, हा आपला धंदा. आपला म्हणतो, कारण नाव माझं असलं तरी कान तुझा होता. मी तुळईत सळी खुपसून बघायचो. तू नुसतं बोटाच्या पेराने टकटक करायचास आणि सांगायचास, "हे घे. हे आत गेलंय, पोखरलंय, सोड." तुझं चुकल्याचं मला आठवत नाही. आणि ते दुसरं तुझं खूळ. चौकटीवर कुठे मुलांच्या उंचीच्या खुणा दिसल्या, पेन्सिलीने नाव न् रेघ, की तू ती चौकट विकू द्यायचा नाहीस. तेवढा तुकडा कापून घेऊन त्या घरवाल्यांना शोधत डोंबिवली, मुलुंड, कुठे कुठे जायचास. मी ओरडायचो, "अरे गाढवा, अखंड चौकटीचा भाव मोडतोस!" तू म्हणायचास, "दादा, ह्याचा भाव त्यांच्याकडे जास्त आहे." परवा तुझ्या दिवसांना कळव्याची एक बाई आली होती. मला ओळखत नव्हती. म्हणाली, त्यांनी आमच्या दाराचा तुकडा आणून दिला होता. मी आत जाऊन पाणी प्यायलो.

पण तुझ्या कानाचं कौतुक मी फक्त लाकडापुरतं ठेवलं नाही, ही माझी चूक. ऐंशीच्या आसपास ठाण्यात बिल्डर सुटले होते. रोज काही ना काही पाडलं जात होतं. उक्त्या सौद्यात भिंतीआड काय आहे ते दिसत नाही. बोली लावायची, पैसे मोजायचे, मग छप्पर काढायचं आणि मग कळायचं की सागवान आहे की जांभूळ. एकदा कोपरीतल्या गोदामाची बोली लावताना मी अडलो होतो. तू शेजारी उभा होतास. मी सहज म्हटलं, "सदू, डोळे मीट आणि आकडा बोल." तू बोललास. मी तोच लावला. आतून निघालं ते बर्मा सागवान. त्या दिवसापासून मी प्रत्येक सौद्यावर तुला घेऊन जायला लागलो. "डोळे मीट सदू." चार वेळा चुकायचं, पाचव्या वेळी असं लागायचं की मी तुला खांद्यावर घ्यायचो. वखारीत पेढे वाटायचो. तू तेव्हा पानाच्या टपरीमागे रोज थोडा थोडा मटका लावायला लागला होतास, हे मला ठाऊक होतं. मी हसायचो. म्हणायचो, "आपल्या सदूची जीभच तशी आहे, तिकडे पण लागेल."

मग तुझं लग्न. कल्याणला मंदाच्या घरी बोलायला मीच बसलो, वडील नव्हते म्हणून. तिचे वडील साधे गृहस्थ, किराणा दुकानात हिशेबनीस. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "मुलाला काही नाद वगैरे?" मी एक क्षण थांबलो नाही. "अहो, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही." त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. परतताना रिक्षात तू म्हणालास, "दादा, खोटं का बोललास?"

"खोटं कुठे? खातोस सुपारी?"

"नाही."

"मग?"

आपण दोघं शीळफाट्यापर्यंत हसत होतो. रिक्षावाला वळून वळून बघत होता.

गिरणीच्या प्रकरणानंतर मंदा तुला डॉक्टरकडे घेऊन गेली. मी सोबत आलो तो भांडायलाच. डॉक्टर तरुण होते, मनोविकारांचे. मी म्हटलं, "साहेब, ह्याला आजार नाही. ह्याला लाज नाही." ते चिडले नाहीत. म्हणाले, "भूक लागली की आपण जेवतो आणि मग आतून कोणी तरी सांगतं, पुरे. काहींच्या मेंदूत हे पुरे सांगणारं फार हळू बोलतं. आणि निकाल यायच्या आधीची जी घालमेल असते, ती तुम्हाला नकोशी वाटते, ह्यांना तीच हवी असते. जिंकणं नंतरचं. एकाने हुकलं की तुम्ही हरलात असं तुम्हाला वाटतं, ह्यांच्या डोक्याला वाटतं जवळजवळ जिंकलो. म्हणून परत."

तू खाली बघत होतास. मी पाहिलं, तुझे ओठ हलत होते. जणू कोणी तरी तुझं नाव पहिल्यांदा बरोबर उच्चारलं होतं.

"हे रक्तातूनही येतं," डॉक्टर म्हणाले. "साखरेच्या आजारासारखं. बापाला आहे म्हणून मुलाला होतंच असं नाही, पण कल असतो. एकाच घरात एकाला होतं, दुसऱ्याला होत नाही, किंवा दुसऱ्याला वेगळ्या रूपात होतं. म्हणून घरचं विचारावं लागतं. वडिलांना काही होतं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. तू पाच वर्षांचा होतास बाबा गेले तेव्हा. तुला काय आठवणार?

मी म्हटलं, "आमच्या घरात असलं काही नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं. उक्ता सौदा म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी पेन उचललं. मी म्हटलं, "माझं काय लिहिताय? पेशंट तो आहे." ते म्हणाले, "लिहीत नाही, ऐकतोय." मंदा खुदकन हसली आणि मग रडायला लागली.

सदू, आता ऐक. मला माहीत होतं.

मी सोळा वर्षांचा होतो, लाकडाच्या वखारीत नुकताच लागलो होतो. दुपारच्या सुट्टीत हमालांबरोबर पत्ते खेळताना आईने मला पाहिलं. घरी नेऊन तिने मला उलथन्याने मारलं, आणि मग दार लावून सांगितलं. बाबा मिठागरात कामाला होते, हे तुलाही ठाऊक होतं. आपल्या घरात सांगायची पद्धत अशी, की अवकाळी पावसाने मीठ नेलं आणि बाबांचं काम सुटलं. खरं असं होतं की मिठागरावरची माणसं ढगांवर पैजा लावायची. आज पडेल, आज नाही. वैशाखात मीठ धरलेलं असताना पाऊस आला की सगळं पाण्यात, म्हणून खेळ म्हणून का होईना, तिथे कोणी पाऊस पडेल असं लावायचं नाही. बाबा लावायचे. त्या वर्षी त्यांनी लावलं आणि पाऊस आला. आई डबा घेऊन बांधावर उभी होती. ती म्हणाली, "ढिगातलं मीठ विरघळत होतं, आपलंच मीठ, माणसं पोती टाकायला धावत होती, आणि तुझा बाप भिजत उभा राहून हसत होता. जिंकला म्हणून हसत होता." काम गेलं ते त्या हसण्यामुळे. मुकादमाने पाहिलं होतं.

आईने मला शपथ घातली, धाकट्याला सांगायचं नाही. "त्याच्या डोक्यात नको यायला." तुला आठवतं, गोकुळअष्टमीला सगळी चाळ पत्ते कुटायची आणि आपल्या घरात मात्र आई पत्त्यांचा एक जोड येऊ द्यायची नाही? तू विचारायचास, आई, आपल्यालाच का नाही? ती म्हणायची, आपल्यात चालत नाही. तू मोठा होईपर्यंत समजायचास की हा आपला काही तरी कुळाचार आहे.

मी शपथ पाळली म्हणून मला कोणी शाबासकी देऊ नये. डॉक्टरांच्या खोलीत मला आईची शपथ आठवली नव्हती. मला एवढंच दिसत होतं की माझ्या बापाचं नाव एका दवाखान्याच्या कागदावर चढणार आणि तुला सूट मिळणार. मी भाव करणारा माणूस. समोरच्याला एक पैशाची सूट मिळाली की ती माझ्या खिशातून गेली असं मला वाटतं. तू माझा आकडा विकला होतास. मी तुला फुकटात बापाचं रक्त कसं देऊ?

चौदा महिने तू सांभाळलंस. डोंबिवलीच्या घरातून निघायचास, फर्निचरच्या कारखान्यात जायचास, परत यायचास. टपरीवरून जाऊ नये म्हणून लांबच्या रस्त्याने. पगार मंदाच्या हातात. मी तुला वखारीत पाय ठेवू दिला नाही. दर रविवारी तू फाटकापर्यंत यायचास. एकदा आत पडलेल्या तुळईकडे बघून म्हणालास, "दादा, ती डावीकडची आत गेलेली आहे." मी म्हटलं, "तुला विचारलं नाही." तू गेल्यावर मी सळी खुपसली. आत गेलेली होती.

तू आलास तो शेवटचा रविवार. तू फाटकाचा गज धरून उभा होतास. म्हणालास, "दादा, डॉक्टर परत विचारत होते. बाबांचं काही ठाऊक आहे का तुला? काही आठवत असेल तर सांग. मला काही माफी नकोय. फक्त मला कळलं पाहिजे की हे माझ्यातच उगवलं का कुठून आलं. मला रात्रंदिवस वाटतं की मीच सडका निघालो."

आणि मी काय बोललो? "मेलेल्या बापाला मध्ये ओढू नकोस. स्वतःचं निस्तर." आवाज इतका चढवला की करवतीवरची माणसं थांबली. तू गज सोडलास. "बरं," म्हणालास. तुझं ते "बरं" लहानपणापासूनचं. आईने पत्ते नाही म्हटलं तरी बरं, मी डोळे मीट म्हटलं तरी बरं. पाच आठवड्यांनी तुझं हृदय थांबलं, कारखान्यात, रंधा हातात असताना. मंदा म्हणते, तोपर्यंत तू एकदाही लावलं नव्हतंस. मला खरं वाटतं. हे तुला मी कधी म्हणालो नाही.

दहाव्याला खाडीवर गेलो होतो. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले. समोरच्या झाडावर चार कावळे. माणसं मनात म्हणत असतील, सदूची काही इच्छा राहिली असेल का. माझ्या मनात काय चाललं होतं सांगतो, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी बघत होतो, चौघांतला कुठला आधी उतरेल. मी ठरवलं, उजवीकडचा. ठरवल्याबरोबर छाती धडधडायला लागली, तळहात ओले झाले. तुझ्या पिंडासमोर, सदू. आणि त्या धडधडीत दुःख नव्हतं, ती मला ओळखीची होती. छप्पर उचकटण्याआधी दर वेळी होते तीच.

तुझी लेक स्वाती माझा हात धरून उभी होती. एकोणीस संपून विसावं लागलंय तिला. ती अगदी हळू, स्वतःशी बोलावं तशी म्हणाली, "डावीकडचा. मान वाकडी केलीय तो." डावीकडचाच उतरला. माझा हरला. स्वातीच्या तोंडून "हं!" असा एक आवाज निघाला, आणि तिने लगेच ओठ दाबले. तिला लाज वाटली असावी. तिचा हात माझ्या हातात होता. ओला होता.

लोकांना बरं वाटलं, कावळा लगेच शिवला, सदू समाधानाने गेला. मी तिथे बांधावर मटकन बसलो. सगळे म्हणाले, भावाचं दुःख.

तेव्हापासून हिशोब लावतोय. बाबांना तो नाद ढगात सापडला. तुला टपरीमागे. मला छपराखाली, आणि माझ्या बाबतीत त्याला धाडस म्हणाले, शेठ म्हणाले, व्यापारी मंडळाच्या कार्यक्रमात शाल दिली. तेच डोकं, तेच रक्त. मी ज्या दिवशी बर्मा सागवान निघालं म्हणून तुला खांद्यावर घेतलं, त्या दिवशी उलटं पडलं असतं तर कोण कोणाच्या फाटकात उभं असतं, सांगता येत नाही.

स्वातीचं स्थळ तुझ्या डोळ्यांदेखत आलं होतं, कल्याणचं. ती माणसं चांगली आहेत, थांबली आहेत. परवा मंदा वखारीत आली. पहिल्यांदाच आली. बस म्हटलं तर बसली नाही.

"दादा, रविवारी ते येतायत. बोलायला तुम्हीच बसायचं."

मी म्हटलं, "बसतो की."

"माझ्या बाबांनी विचारलं होतं तेव्हा तुम्ही सुपारीचं सांगितलंत. ह्यांनी मला लग्नाच्या वर्षातच सांगितलं ते, हसत हसत. मी पण हसले होते तेव्हा." मग म्हणाली, "आता त्यांनी विचारलं, घराण्यात काही? तर काय सांगाल, ते मला आत्ता सांगा."

माझ्या डोक्यात लगेच चार उत्तरं तयार झाली. चारही खरी, चारही सुपारीसारखी. मी एकही बोललो नाही. मी तिला मिठागराचं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, सगळं, बाबांच्या हसण्यासकट. मग एकच बोलली, "हे ह्यांना फाटकावर का नाही सांगितलंत?"

राग आला होता म्हणून, हे काही उत्तर झालं?

रविवारी मी सांगणार आहे. त्यांनी विचारलं नाही तरी. पण त्याच्या आधी, शनिवारी, स्वातीला सांगणार आहे. स्थळ मोडलं तर मोडो. तिच्या तळहातांचं काय करायचं ते तिला ठरवता यायला हवं, आणि त्यासाठी तिला कळायला हवं की ते कोणाचे आहेत. आई समजली की न सांगितल्याने ते येणार नाही. मी समजलो की न सांगितल्याने ते तुझं एकट्याचं राहील. स्वातीने मला विचारावं, काका, माझ्या बाबांना तुम्ही एकटं का मरू दिलंत? ओरडून विचारावं. माझा आवाज चढणार नाही. माझा जबाब मी देईन.

आता तुझा.

आजार होता, मान्य. रक्तात होता, तेही मान्य, आणि ते रक्त माझंही आहे. आकडा विकायला तुझे पाय गेले ते आजाराने नेले, असं डॉक्टर म्हणाले तर मी आता भांडणार नाही. सत्ता लावलास तोही आजाराने लावला. पण पाकिटाला डिंक लावताना तू माझ्याकडे बघून हसलास. त्या हसण्यात मला माझा सदू दिसला होता, शीळफाट्यापर्यंत हसणारा. बाबा पावसात हसले तसं ते हसणं होतं, की माझ्यासाठी होतं? हसला तो कोण होता, सदू? गेल्या सव्वा वर्षात मी तुला हे विचारलं नाही, कारण तुला आत घ्यावं लागलं असतं. आता विचारतोय, फाटक उघडं ठेवून. जबाब दे.